पूनमच्या मापाचं पोलकं

वरवट बकालजवळच्या त्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच, आणि मुलंही मोजकीच. त्यामुळे तिथे एक रीत पडून गेली होती. कपडे ज्याच्या अंगाला येतील, काम त्याचं. गावातून वर्गणी काढून फुटबॉलच्या जर्सी एकदाच घेतल्या होत्या. एखादी मुलगी आठवी होऊन गेली की तिची जर्सी जिला बसेल ती त्या जागेवर खेळायची. नाटकाचंही तसंच.

दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या पूनमला ताप आला. खामगावला नेलं, आणि ती तिथेच गेली. शाळा उघडली तेव्हा संघाची डावी बाजू रिकामी होती, वादविवादाच्या स्पर्धेत पूनमच्याच वर्गातल्या वैष्णवीला जोडीदार नव्हती आणि नाटकात सरपंचबाई नव्हती.

गुलाबराव सरांनी पूनमची जर्सी सातवीतल्या पुष्पांजलीच्या खांद्याला लावून पाहिली. बसत होती.

"मंग तिन्ही कामं तुलेच," वैष्णवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

पुष्पांजली जर्सी घालेना. पूनमची आई गीताबाई शाळेतच खिचडी शिजवायच्या. मुलीचं दिवसकार्य उरकून त्या पुन्हा कामावर आल्या होत्या. "मावशी हो म्हनत नाही तोवर मी नाही घालत, सर," ती म्हणाली.

सर तिला घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत गेले. गीताबाई तांदूळ निवडत होत्या.

"घालू द्या न, सर. कपडे पेटीत ठेवून काय करू?"

"तुमच्या मनात नसेल तर राहू द्या, गीताबाई."

"मनात काईच नाही. मीठ संपलं, तेवढं मागवा."

होकार मिळाला होता, पण पुष्पांजलीला तो होकार वाटला नाही. वाढताना गीताबाई सगळ्यांशी बोलायच्या. "घे बे, लाजतं काय, नवरदेव आहे काय तू?" पुष्पांजलीचं ताट आलं की मात्र डाव रिकामा करून त्या पुढच्या ताटाकडे वळायच्या. मावशीनं आपल्याशी काहीतरी बोलावं, निदान रागवावं, एवढंच तिला हवं होतं. तिला जेवण जाईना.

'शाळेत मोबाइल हवा की नको' या विषयावर वैष्णवीनं तिच्याकडून पूनमचं भाषण पाठ करून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, तेही. पुष्पांजलीनं तिथे तिथे हात वर केला. दुसरा नंबर आला. बक्षीस घेतानाच्या फोटोत दोघी सरळ उभ्या आहेत, एवढंच.

फुटबॉलमध्ये पहिल्याच सामन्यात हरून मुली परत निघाल्या.

"ती कशी खेळे?" गाडीत पुष्पांजलीनं वैष्णवीला विचारलं.

"पूनम? लय बेकार. बॉलपेक्षा आमच्याच पायाले जास्त मारे."

दोघीही हसल्या नाहीत. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

मग स्नेहसंमेलन आलं. सरपंचबाईचं लुगडं पुष्पांजलीला नेसवून झालं, पण हिरव्या पोलक्याचे हुक लागेनात. गीताबाईंनी ते पूनमच्या मापानं घरीच शिवलं होतं, आणि हिवाळाभरात पुष्पांजलीचे खांदे रुंद झाले होते.

"श्वास सोड बे!"

"सोडला न! आता मरू काय?"

हुक ओढणाऱ्या मुलीनं हात मागे घेतला. सर दाराशी आले. "सहावीतल्या तानीला बसेल का बघा," ते म्हणाले. शाळेची रीतच तशी होती. पुष्पांजली पोलकं काढायला लागली.

गीताबाई पदराला हात पुसत आत आल्या. "काढू नको. इकडे ये."

त्यांनी ब्लेड आणि सुई-दोरा मागून घेतला आणि काखेखालची शिवण उसवली. आत चांगलं दोन बोटं कापड दाबून ठेवलेलं होतं. वाढत्या पोरीचं पोलकं शिवताना आया ठेवतात तसं.

"हात वर कर. अजून. हालून काऊन राह्यली? सुई टोचीन न."

"मावशी, मी..."

"चूप बस. हाडं वाढली अन् पोट पाठीले लागलं. रोज अर्धी खिचडी कुत्र्याले टाकते, मले दिसत नाही काय? उद्यापासून माह्यासमोर बसून जेवायचं."

"हाव, मावशी."

गीताबाईंनी दोरा दातानं तोडला, एकेक हुक लावला आणि तिला फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाटक पाहाले येता न?" पुष्पांजलीनं विचारलं.

"भांडी पडली आहेत," गीताबाई म्हणाल्या आणि गेल्या.

पडदा वर गेला. सरपंचबाईच्या पहिल्याच वाक्याला गाव खदखदून हसलं. हसणं ओसरल्यावर मागच्या नळावरून भांडी घासण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पुष्पांजलीनं क्षणभर तिकडे कान दिला आणि पुढचं वाक्य म्हटलं.