तांब्या-तांब्यानं खारं

"मरतीन बे पंजाबराव, हेही उताणे पडतीन!" शेततळ्याच्या बांधावर तंबाखू मळत गुलाबरावानं निकाल देऊन टाकला.

पहिल्या पिशवीतली झिंग्यांची पिल्लं उताणी पडलीच होती. पंजाबरावांनी गोड्या पाण्याची ती पिशवी फोडून एकदम खाऱ्या तळ्यात रिकामी केली होती. चाळीस वर्षं नांदुऱ्यात पंप दुरुस्त केलेला माणूस. खटका दाबला की पाणी आलंच पाहिजे! गावचं पाणी मात्र असं खारट, की इथली म्हैस मीठ घातलेलं ताकच देते, हे ते पाहुण्यांना शपथेवर सांगत.

आता उरली एकच पिशवी, आणि 'खाऱ्यात झिंगे जगवून दावतो' ही गावाला दिलेली जबान.

नात अनुपमा मलकापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. मोताळ्याला आजीच्या माहेरी थांबून ती सकाळीच आली होती.

"आबा, यायच्या कल्ल्यात बारीक-बारीक पंप असतात. गोड्या पाण्यात ते मीठ आत ओढतात. पाणी खारं झालं का पेशी हुकूम बदलते, पंप कमी-जास्त करते. पण त्याले टाइम लागते ना!"

"पंप?" पंजाबरावांचे डोळे लकाकले. "मंग आंधी काऊन नाही सांगतलं वं? लाखो पंप, अन् मेकॅनिक बाहीर!"

अनुपमाची आजी, जनकाबाई, तांब्या घेऊन आल्या. त्यांनी पिशवी तळ्यात तरंगत धरली, तोंड सोडलं आणि तांब्याभर खारं पाणी आत घातलं. मग नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं दुसरा तांब्या.

"हे तुले कोनं शिकवलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"माह्या मायनं. लग्नात मोताळ्याहून दोन घागरी गोडं पानी संगं देल्लं होतं. पयल्या दिवशी त्याच्यात घोटभर खारं, दुसऱ्या दिवशी दोन घोट. अशी रुळली मी. तुमचं ध्यान कुठी होतं तवा?"

पंजाबरावांनी उगाच टोपी सारखी केली आणि पिशवी धरली.

ऊन कलल्यावर पिशवी कलती केली. पिल्लं क्षणभर थबकली, मग मिशा हलवत चालती झाली.

"जगले लेकाचे!" गुलाबरावाची तंबाखू हातातच राहिली.

दिवे लागेस्तोवर गावात बातमी होती, की पंजाबरावांनी एकेका झिंग्याचा पंप खोलून सर्व्हिसिंग केलं. बातमी कोणी सोडली, ते सांगायला नको.

अनुपमानं बाटली पुढे केली. "आजी, तुह्या माहेरच्या विहिरीचं."

जनकाबाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"अळणी लागते वं," त्या हसून म्हणाल्या. झाकण मात्र घट्ट लावलं आणि बाटली पदराखाली धरून घराकडे निघाल्या.