चूलबंद आवतन

"दोन तऱ्हेचे छापून द्या," भैयाजी म्हणाले. "एक चूलबंद, आन् एक एका मानसाचा."

गुणवंतरावांनी हातातला अक्षराचा खिळा परत खणात टाकला. तालुक्याच्या मूल गावात छापखाना काढल्यापासून त्यांनी नाना मागण्या ऐकल्या होत्या. एकाने नवरदेवाचं वय कमी करून मागितलं होतं, एकाने व्याह्याचं नाव बारीक अक्षरात. पण लग्नपत्रिकेत पाहुण्यांची प्रतवारी मागणारा हा पहिलाच.

भैयाजींनी समजावून सांगितलं. गावातल्या मानाच्या घरांना चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायला यायचं. बाकीच्यांना घरटी एक माणूस. आणि जंगलाकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जिथले लोक धानाच्या रोवण्याला आणि कापणीला भैयाजींच्या बांधीत येत, तिथे तर पहिल्यापासून एकच. मुलीचं लग्न असलं म्हणून काय रीत बदलते?

गुणवंतरावांनी फळीवरून सुतळीने बांधलेला शिशाचा एक गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'सहकुटुंब सहपरिवार'पर्यंतचा सगळा मजकूर त्यांनी एकदाच जुळवून बांधून ठेवला होता. लग्न कोणाचंही असो, गठ्ठा तोच. नावं आणि तिथी तेवढी बदलायची.

"हे सोडाचं म्हटलं तर अख्खा दिवस जाते," ते म्हणाले. "हे मी कोनासाठी सोडलं नाई. ठानेदाराच्या पोरीसाठीही नाई."

असा तालुक्याचा सामाजिक प्रश्न एका सुतळीवर येऊन थांबला. ठाणेदाराचं नाव निघाल्यावर भैयाजींनी तो नाद सोडला. ते दारात बसलेल्या पोचूकडे वळले.

"कागद सगळ्याइले सारखा. ज्याले एका मानसाचं आवतन आहे, त्याले तू तोंडानं सांगजो. तसंही तुले बोलाचंच काम आहे."

ते खरं होतं. पोचू गावचा म्हाली. हजामत करायचा आणि लग्नकार्याचं आवतन घरोघर द्यायचा. त्याचा बापही तेच करायचा. फरक एवढाच की बापाच्या हजामतीची तारीफ होती आणि पोचूच्या आवतनाची.

मग गुणवंतरावांनी यंत्रावर पाय दिला. यंत्राने तोंड उघडलं, गुलाबी कागद घेतला, मिटलं आणि परत दिला. वर गणपती होता. ठसा वापरून वापरून सोंड झिजली होती, त्यामुळे तो एखाद्या खात्यापित्या घरच्या गृहस्थासारखा दिसत होता. पोचूने कागद वाचून दाखवायला सांगितला. गुणवंतरावांनी एका दमात वाचला.

"झालं?" पोचूने विचारलं.

झालं होतं. तेवढंच बोलायला पोचूला अख्खी चिलीम पुरत नसे.

कारण तो अंगणात उभा राहून आधी काठी भिंतीला टेकवायचा. पाणी मागायचा. धानावर करपा पडला का ते विचारायचा. घरातले सगळे बाहेर आले की गळा साफ करून वरच्या सुरात मांडव कोणाचा, पोरगी कोणाची, दिलं कुठे, ते सांगायचा, आणि शेवटी हळद लावलेले तांदूळ हातावर ठेवायचा. एका माणसाचं आवतन तर तो असं द्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढ्या गावातून मलाच निवडलं. घरातले बाकीचे उपाशी राहणार आहेत हे त्यांच्या चुलीपाशी गेल्यावरच ध्यानात यायचं.

फक्त एका दारात त्याची ही विद्या चालत नव्हती. टोल्यावरच्या सोमारीचा नवरा झिंगू तापाने गेला, तेव्हापासून त्या घरात ती, तिची सासू मंगली आणि तीन पोरी. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात पोचूने तिच्या अंगणात उभं राहून एका माणसाचं आवतन दिलं होतं. सोमारीने ऐकून घेतलं आणि साधंच विचारलं होतं की मानूस कुठून आनू. एका माणसाचं आवतन घरच्या पुरुषाला असायचं. पोचू काठी उचलून निघाला. पुढे प्रत्येक लग्नाला तो तिच्या दारात जायचा, काठी टेकवायचा, पाणी प्यायचा, धानाचं विचारायचा आणि उठून पुढच्या घरी जायचा. आवतन दिलं असंही नाही, दिलं नाही असंही नाही. तीन वर्षं तो तिथे नुसतं पाणी पीत होता.

पोचू पत्रिका वाटायला निघाला तेव्हा गावात कोणालाच कागदाचं नेमकं काय करायचं ते माहीत नव्हतं. एकाने तो देवापाशी ठेवून त्याला कुंकू लावलं. एका म्हातारीने उन्हात धरून पाहिला आणि पुढच्या घरी पाठवायचा म्हणून परत दिला. बापूजी गावचे मोठे शेतकरी. ते वाचू शकत होते, म्हणून त्यांना राग आला. त्यांनी स्वतःची पत्रिका आणि आपल्या सालदाराची पत्रिका शेजारी शेजारी धरून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. काही फरक सापडेना, तेव्हा त्यांनी पोचूला विचारलं की मी आणि माझा सालदार भैयाजीला एकच दिसतो काय. पोचूने सगळा दोष सुतळीवर ढकलला. त्याने बापूजींचं समाधान झालं नाही, पण सुतळीशी भांडता येत नसल्यामुळे त्यांनी पत्रिका ठेवून घेतली.

एका माणसाचं आवतन असलेल्या घरांमध्ये पोचू कागद द्यायचा आणि भैयाजींनी सांगितलं होतं ते तोंडाने जोडायचा. काम सोपं होतं. सूर तोच होता, फक्त आता लोक त्याच्या तोंडाकडे न पाहता कागदाकडे पाहत होते.

टोल्यावर पोचला तेव्हा सोमारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मंगली भिंतीला टेकून बसली होती. पोचूने काठी टेकवली, पाणी प्यायला, धानाचं विचारलं. एवढं नेहमीचं झाल्यावर त्याने जायला हवं होतं. पण पिशवीत कागद होता, आणि भैयाजींनी प्रत्येक घराला एक मोजून दिला होता. त्याने तो सोमारीच्या हातात ठेवला.

तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. "काय म्हनते हे?"

पोचूने गळा साफ केला. "भैयाजीच्या पोरीचं, कमळाबाईचं लगन आहे. सहकुटुंब सहपरिवार याचं आहे."

"म्हंजे कोनं?"

"घरच्या साऱ्याइनं. चूलबंद."

सोमारीने फुलांवरचा हात काढून घेतला. "हे तुमी म्हनून राह्यले भाऊ, का कागद म्हनून राह्यला?"

इथे त्याने तोंडाचं जोडायचं होतं. तोंड उघडलंही. भिंतीजवळून म्हातारी मान वर करून त्याच्याकडे पाहत होती.

"छापलं आहे, बाई," तो म्हणाला. "छापलेलं मी कसं बदलवू?"

शेजारच्या अंगणातून चैतूच्या बायकोने हे ऐकलं होतं. त्यामुळे तिला एका माणसाचं सांगणं शक्य नव्हतं. तिच्या शेजारणीलाही नव्हतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या टोल्याला चूलबंद आवतन देऊन पोचू घरी आला. बायकोने, आशाबाईने, आज आवाज काऊन बसला म्हणून विचारलं, तर त्याने पाणी जास्त झालं असं सांगितलं.

लग्नाच्या दिवशी टोला आला. धुतलेली धडुती, तेल लावलेले केस, कडेवर लेकरं. पुढे सोमारी आणि तिच्या तीन पोरी, आणि त्यांच्याही पुढे मंगली, गुलाबी कागद दोन्ही हातांनी छातीशी धरून. मांडवाच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले. आत जायचं की नाही, हे कागदावर छापलेलं नव्हतं.

भैयाजींनी पोचूला बखोटीला धरून रांधणीच्या मागे नेलं.

"काऊन गा, तुले काय सांगतलं होतं?"

"सांगाचं होतं. सांगनं झालं नाई."

"काऊन?"

"तीन वर्सं झाले भैयाजी, त्या दारात मी पानीच पिऊन राह्यलो."

भैयाजींना हे काही कळलं नाही. त्यांना आतला भात दिसत होता आणि बाहेरचा टोला. ते तोंड उघडणार एवढ्यात नवरदेवाचा मामा मांडवाच्या तोंडाशी गेला. शाळामास्तर होता तो. छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. त्याने म्हातारीच्या हातातला कागद घेतला, मोठ्याने वाचला आणि भैयाजींकडे वळून म्हणाला, "मजुरालेही चूलबंद? आमच्याकडे नाई बाप्पा असं. मोठं मन आहे तुमचं."

भैयाजींचं मन तोपर्यंत तेवढं मोठं नव्हतं. पण सोयऱ्यांसमोर कोणी मोजमाप सांगून टाकलं की माणसाला त्यात बसावंच लागतं. ते पुढे गेले.

"बस वो माय," ते मंगलीला म्हणाले. "उभी काऊन?"

तिसऱ्या पंगतीला बुंदी संपली, पाचव्या पंगतीला गूळ वाढला. भात पुन्हा टाकावा लागला, वरणात पाणी दोनदा गेलं. पण मंगली पहिल्या पंगतीत बसली होती. तिने सावकाश, एकेक शीत वेचून खाल्लं, आणि वाढपी समोरून जाताना पानावर हात आडवा न धरता म्हणाली, "अजून वाढ." तो वाढून गेल्यावर पुन्हा हाक मारून म्हणाली, "सुनेलेही वाढ." रांधणीपाशी उभ्या पोचूने ते ऐकलं. नेहमीप्रमाणे त्याचं जेवण शेवटी, पितळी गंजात घालून घरी न्यायचं होतं. त्या दिवशी गंजात गूळच आला.

मांडव उतरवताना भैयाजी त्याला फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेले तू राहू दे. डाकेनं पाठवू."

पुढच्या उन्हाळ्यात बापूजींकडे लग्न निघालं, त्याचंही आवतन डाकेने गेलं. मग सगळ्यांनाच ते बरं वाटलं. कागद बोलत नव्हता, पाणी मागत नव्हता, आणि जेवायला थांबत नव्हता. पोचू हजामत करत राहिला. ती बापाइतकी चांगली कधीच झाली नाही.

एक दिवस डाकवाला पोचूच्या दारात सायकल उभी करून गुलाबी कागद देऊन गेला. त्यावर त्याचं नाव होतं. बापूजींनीच पाठवला होता, त्यांच्याकडच्या पुढच्या लग्नाचा. आवतन देणाऱ्याला आवतन द्यायची पूर्वी कोणाला गरज पडली नव्हती. आता तो गावातल्या इतर घरांसारखाच एक घर झाला होता, म्हणून त्याचाही पत्ता यादीत आला होता. कागद घरात दोन दिवस कोणीच हाताळला नाही.

लग्नाला तो आणि आशाबाई गेले. रांधणीकडे वळलेले पाय त्याने परत आणले आणि पंगतीत बसला. मांडी घातली, मग हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून गुडघ्यांवर ठेवले. आजूबाजूच्यांनी सुरू केल्याशिवाय सुरू करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

वाढपी परगावचा होता. भाताचं टोपलं घेऊन पोचूसमोर वाकला आणि सहज विचारलं, "कोनाकडले तुमी, भाऊ?"

पोचूने गळा साफ केला. छातीत हवा भरून घेतली. आशाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"मले आवतन आहे," तो हळूच म्हणाला.

वाढपी तोवर पुढच्या पानावर गेला होता. भात वाढलेला होता.