सरकलेली वाळू

"भरल्या नदीत वाट सापडेना तुम्हाला? नाव नेऊन वाळूवर चढवलीत! डोळे काय घरी खुंटीला टांगून आला होता?"

नावेच्या मालकिणीचा आवाज धक्काभर घुमत होता. नाव कलली होती, नावेतल्या कौलांचा काठावर लाल चुरा झाला होता. सुकाणूवाला म्हातारा ओल्या कपड्यांनी खाली मान घालून उभा होता.

"आजोबांना सुकाणू नको, आंधळ्याची काठी द्या!" एक हमाल म्हणाला आणि बाकीचे खिदळले.

गर्दीच्या मागे काठीवाला उभा होता, म्हाताऱ्याचा मेव्हणा. नदीतली वाळू मोठी चंचल, आज इथं तर उद्या तिथं. रोज पहाटे होडीतून जायचं, बांबूने तळ चाचपायचा आणि फडकं बांधलेली खुणेची काठी खोल पाण्याच्या कडेला रोवायची, हे त्याचं काम. आज गुडघा ठणकत होता. एका दिवसात वाळू कुठं पळून जातेय, म्हणत तो चहा पीत काठावरच बसला. वाळू मात्र पळाली होती.

"उद्यापासून दुसरा माणूस बघते. तुम्ही घरी बसा," मालकीण म्हाताऱ्याला म्हणाली.

"खरंय, बाई," म्हातारा पुटपुटला. "डोळे गेले माझे."

चोर सोडून संन्याशाला सुळी! काठीवाला पुढं झाला.

"बाई, काठी जुन्याच जागी होती. आज मी गेलोच नाही. दाजींचे डोळे धड आहेत. हरामखोर माझे पाय."

हमालांचं हसू विरलं.

"सुकाणू आजोबांकडंच राहील," मालकीण म्हणाली. "आणि उद्या काठी कोण रोवतंय, ते मी बघते."

म्हातारा कौलं वेचायला वाकला. काठीवाला शेजारी बसला.

"दाजी, चुकलो."

"पाण्याचा रंग बदललेला दिसला होता मला. सुकाणूवरचा हात वळतही होता. पण तुझी काठी दिसली. म्हटलं, आपल्या डोळ्यांपेक्षा मेव्हण्याची काठी खरी."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?" म्हाताऱ्याने एक अख्खं कौल पुसून बाजूला ठेवलं. "मी आंधळा आहे असं कबूल करेस्तोवर तू मात्र गप्प राहिलास, रे."