पहिली पंगत

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात यंदा गणपतीआधी नवीन टूम निघाली. प्रत्येक कामाला एक मोठं माणूस, एक तरुण पोर, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरायचं नाही. सगळ्यांसोबत मीही टाळ्या वाजवल्या. महाप्रसादाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं माझ्याकडे. तिथे हे माझ्यावरच शेकेल, हे तेव्हा कुठे ठाऊक!

मला जोडीला मिळाली मनीषा. बारावीची, नेपियर टाउनात कोचिंगला जाणारी.

"गोळाभात तर आहेच," मी म्हणाले. "बाकीचं तू सांग."

"गोळाभातच नको, काकू. छोले-पुलाव करू."

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंनी अमरावतीहून आणलेला पदार्थ, आणि ही कालची पोर नको म्हणते!

"काहून नको?"

"आमच्यातल्या कोणालाच नाही आवडत. सूखा लागते."

"वरून फोडणीचं तेल घेत नाही का तुम्ही?"

"कौनसा तेल?"

"अन् डाळीचे गोळे?"

"गोळे तर आम्हाला कधी भेटलेच नाही."

मला आमच्या पंगतींचा क्रम आठवला. पोरं वाढणार, आधी पाहुणे जेवणार, मग मोठे, शेवटी पोरं. तोवर पातेल्यात उरायचा बुडाचा गार भात. बिचारी त्यालाच गोळाभात समजत होती, आणि आम्ही म्हणत होतो, आजकालच्या पोरांना चव नाही!

"एकदा गरम खाऊन पाहा," मी चक्क विनवलं. "नाही आवडला तर पुढच्या वर्षीपासून बंद."

"चलो, ठीक. पण मग पहिली पंगत आमची. वाढायचं तुम्ही लोकांनी."

मी हो म्हटलं. मंडळातले भाऊराव मात्र भडकले. "रेल्वेत साहेब होतो मी! आता कढी वाढू?"

"काहून, हाताला मेंदी लावून राहिले का?" मी विचारलं. "आमचं दोघींचं एकमत झालं. संपलं."

महाप्रसादाच्या दिवशी भाऊराव कढीची बादली घेऊन वाकत होते आणि पोरं मुद्दाम ओरडत होती, "काका, इकडे! काका, अजून!" मी मनीषाच्या पानात वाफाळता भात वाढला, वर दोन गोळे ठेवले, हिंगाचं तेल सोडलं. हिने नाक मुरडलं की सासूबाईंचा गोळाभात संपला.

तिने मोठा घास घेतला. मग दुसरा.

"कसा आहे?"

"खरं सांगू, काकू? मीठ कमी आहे."

भर पंगतीत! मी तरातरा पातेल्याकडे गेले, चव घेतली. खरंच कमी होतं.

"अन् हे आजवर कोणी बोललं काहून नाही?"

"तुम्हाला कोण बोलणार, बाई?" मागून भाऊराव म्हणाले. "दरवर्षीच कमी असते."

सगळी पंगत हसली. मलाही हसू आवरेना.

"काकू, अजून दोन गोळे द्या," मनीषा म्हणाली. "अन् पुढच्या वर्षी मीठ मी टाकणार."

पुढच्या वर्षी! मी तिच्या पानात तीन गोळे वाढले.

"टाक, माझे आई," मी म्हणाले. "भाऊराव, मीठ आणा!"