हिरव्या वाडग्यात काय आलं

अमरावतीच्या आपल्या खासगी संग्रहालयातून बापूसाहेब वकिलांनी आजवर कोणाला टाचणीसुद्धा उसनी दिली नव्हती. त्यामुळे तिथला जुना हिरवा चिनी वाडगा प्रदर्शनासाठी अकोल्याला पाठवताना तिथं काम करणाऱ्या चारुतानं स्वतःचा शब्द गहाण टाकला. वाडगा शेकडो वर्षांचा, चारुताची नोकरी यंदाची.

"जसा गेला तसा आला, तर पुढचं बोलू," बापूसाहेब म्हणाले होते. नाहीतर दोन्ही गावांनी वस्तूंची देवाणघेवाण करायचं तिचं स्वप्न तिथंच गुंडाळायचं.

आज खोकं परत आलं. चारुतानं वरचा कापूस काढला आणि ती आत डोकावली.

वाडग्यात डिंकाचे लाडू होते. खाली बटर पेपर, प्रत्येक लाडवावर बेदाणा.

"हा असा गेला होता?" बापूसाहेबांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

तिनं अकोल्याच्या संग्रहालयाचे प्रमुख जानराव यांना फोन लावला. "काका, वाडग्यात लाडू आहेत!"

"मंग? रिकामं भांडं वापस धाडतेत काय कोनी? आमच्या घरच्या मनकर्णानं सोता वळले. कावून, तूप कमी पडलं काय?"

"अहो, पुरातन वस्तू आहे ती!"

"म्हनूनच त साजूक घातलं न, पोरी!"

चारुतानं फोन ठेवला, लाडू काढले, बॅटरी लावून वाडगा आतून-बाहेरून तपासला. ओरखडा नाही, डाग नाही. हिरवी झिलई श्रावणातल्या चिखलदऱ्यासारखी चमकत होती. तिनं मान वर केली, तर बापूसाहेबांच्या तोंडात लाडू. ते जिभेनं दाढ चाचपत होते. डिंक दातात अडकला होता.

"खोकं कोणाचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अकोल्याचं. उद्या परत जाणार."

"रिकामं?"

चारुता सावध झाली. "वरूडची संत्री भरू?"

"त्यांनी साजूक तूप घातलं आणि आपण संत्री? अमरावतीची काही इज्जत आहे की नाही?"

ते तरातरा आत गेले आणि ज्या निळ्या सुरईवरची धूळसुद्धा कोणाला पुसू देत नसत, ती घेऊन आले. "मांडू दे त्यांना वर्षभर. बघतोच, जानराव आता काय भरून पाठवतो!"

चारुतानं हसू दाबत सुरई कापसात ठेवली.

"थांब," बापूसाहेब म्हणाले. "ही आतून रिकामीच चालली की."

चारुतानं लाडवांवर आडवा हात ठेवला. "हिचं तोंड लहान आहे, बापूसाहेब."

"मग फुटाणे आण."