बुधवारचे ताट

माई गेल्या त्याला महिना होत आला होता आणि तात्यांच्या डोळ्यांत अजून पाणी आले नव्हते. लोक म्हणत, माणूस खंबीर आहे. तात्यांना ते ऐकून अवघडल्यासारखे होई. खंबीर वगैरे काही नव्हते. पौषात पहाटे पंचगंगेत हात घातला की बोटे बधिर होतात, मग काही टोचले तरी कळत नाही. तसे आत सगळीकडे झाले होते, इतकेच.

संस्थान विलीन झाले त्याच वर्षी तात्या हायस्कुलातून निवृत्त झाले. ते इतिहास शिकवत. वर्गात त्यांच्या तोंडून पुस्तक बोले. वर्गाबाहेर तात्या आपणहून कुणाशी बोलल्याचे कुणाला आठवत नव्हते. वाणी, भाजीवाली, पाहुणे, शेजारपाजार, भांडण आणि हसणे हे सगळे खाते माईंकडे होते. मूलबाळ नव्हते. वरुणतीर्थ वेशीजवळच्या त्या लहानशा घरात आवाज होता तो एकट्या माईंचा.

दिवसकार्य उरकायला मिरजेहून थोरली बहीण, अक्का, आली होती. तिने तेराव्यानंतर सांगून टाकले की घराला कुलूप लावायचे आणि तात्यांनी मिरजेला येऊन राहायचे. तात्या बरे म्हणाले. त्या दिवसांत ते सगळ्यालाच बरे म्हणत होते. अक्काने मग स्वयंपाकघर आवरले. माईंच्या लोणच्यांच्या बरण्या वाया जायला नकोत म्हणून बरोबर घेतल्या, बाकीचे बांधून ठेवले, आणि मिरजेच्या घरी व्यवस्था लावून गुरुवारी न्यायला येते म्हणून ती पुढे गेली. तात्या कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवू लागले. काय जेवलो ते बाहेर पडेपर्यंत त्यांच्या ध्यानातून जाई.

जाण्याआधी त्यांना एकच काम करायचे होते. पिराजीला सांगायचे होते की आता आमच्याकडचा तुझा वार संपला.

पिराजी आजऱ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात इंटरला होता. दोन सोबत्यांबरोबर भाड्याच्या खोलीत राही आणि वार लावून जेवे. कोल्हापुरात तेव्हा वाराने जेवणारी मुले कमी होत चालली होती, पण होती. बुधवार तात्यांच्या घरी. तो घराच्या पुढच्या सोप्यात बसे, जेवला की ताट नळावर घासून भिंतीशी उपडे घाली. माई सोवळ्याओवळ्याच्या फार कडक नव्हत्या, पण स्वयंपाकघराचा उंबरा म्हणजे उंबराच. त्या उंबऱ्याच्या आत, हा बाहेर, आणि दोघांची बडबड सारखी चालू. तात्या पलीकडे खुर्चीत पुस्तक धरून बसत. दोन वर्षे तो मुलगा त्यांच्यासमोर जेवत होता आणि दोन वर्षांत त्यांचे त्याच्याशी दहा वाक्येही बोलणे झाले नव्हते.

माई गेल्या तेव्हा तो तिरडीला खांदा द्यायला आला होता. पुढच्या बुधवारी आला तेव्हा अक्काने सुतक आहे, आता महिन्याने ये म्हणून दारातूनच परत पाठवला होता. त्या दिवशी तो कुठे जेवला हे कुणी विचारले नव्हते. तात्यांच्या तर ते मनातही आले नव्हते, आणि आता आले तेव्हा त्याचेही काही वाटले नाही.

बुधवारी सकाळी तात्यांनी वाक्य तयार करून ठेवले. मी उद्या मिरजेला जातो आहे, तू दुसरीकडे सोय बघ. दोन-तीनदा मनाशी म्हणूनही पाहिले. दुसरीकडे म्हणजे कुठे, असे त्याने विचारले तर काय सांगायचे, ते मात्र सुचले नाही.

पिराजी आला. नळावर पाय धुतले, मान खाली घालून सोप्यात येऊन उभा राहिला. तात्या उठले आणि त्यांनी कोपऱ्यातला पाट मांडला. पुढे ताट ठेवले, शेजारी तांब्या-भांडे ठेवले. घरातले एवढेच काम आजवर त्यांच्याकडे होते. पाट-ताट त्यांनी मांडायचे, वाढायचे माईंनी. पिराजी पाटावर बसला. तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पुस्तक उघडले.

बराच वेळ गेला. पिराजी रिकाम्या ताटाकडे बघत होता. रस्त्यावरून दारापुढे धार काढून दूध देणारा एक म्हैसवाला म्हैस घेऊन ओरडत गेला. तात्यांनी पान उलटले आणि पुस्तकातून डोके वर न काढताच म्हणाले, "अगं, वाढ ना. तो केव्हाचा बसलाय."

आतून काही आवाज आला नाही.

तात्यांनी वर पाहिले. पिराजी त्यांच्याकडेच बघत होता. त्याने मान खाली घातली नाही, की काही झाले नाही असेही दाखवले नाही. तात्यांना वाटले, आता तरी डोळ्यांत पाणी येईल. काही झाले नाही. फक्त ताट फार स्वच्छ दिसत होते.

"तात्या," पिराजी म्हणाला, "मी बघू का आत जाऊन?"

तात्या उंबऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघ."

पिराजी उंबऱ्यावरून आत गेला. मागोमाग तात्याही गेले. दोघेही त्या खोलीत सारखेच परके होते. फळ्या मोकळ्या होत्या, चूल सारवलेली होती. पोत्यात तांदूळ मात्र होता. पिराजीने मूठभर काढून वास घेतला. त्याच्याच घरून आलेला घनसाळ. आई दर सुगीला माईंना पाठवायची, तो म्हणाला. तात्यांना हेही ठाऊक नव्हते.

पिराजीने चूल पेटवली, तांदूळ धुतले, पातेले ठेवले. हाताला सवय दिसत होती. आधण उकळायला लागले तसा तो उठला आणि चुलीवरच्या फळीच्या डाव्या टोकाकडे हात नेऊन चाचपू लागला.

"काय हवंय?"

"मीठ. चिनी मातीची बरणी. हितंच असती की."

"तुला काय माहीत? तू तर आत आलेला नाहीस कधी."

पिराजी थोडा घुटमळला. "माईंनी सांगितलंतं. म्हणायच्या, बाबा रे, आमच्या ह्यांना शिवाजीमहाराज कुठल्या दिवशी कुठं हुते ते ठावं हाय, पर घरातलं मीठ कुठं हाय ते न्हाय. उद्या मी गेले तर अळणी खातील आणि वर बरं झालंय म्हणतील. तू तरी ध्यानात ठेव. आणि अशा हसायच्या."

माई असे बोलत नसत. त्या शुद्ध बोलत. पण पिराजीच्या तोंडून त्या आल्या त्या अशा आल्या, आणि तात्यांना हसणे मात्र ओळखू आले. हसणारी माणसे दोन होती, एक उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, आणि आपण तिसरे, पुस्तकामागे. कशाला हसतात, असे एकदाही विचारले नव्हते.

भात होईपर्यंत शोधली, तरी बरणी सापडली नाही. अक्काने कुठे बांधून ठेवली कोण जाणे. पिराजी वाण्याकडून मीठ आणायला निघाला तर तात्या म्हणाले, राहू दे, भात निवेल. तात्यांनी दुसरा पाट आणला आणि दोघे चुलीपाशीच जेवायला बसले. भाताला वास सुंदर होता. चव कसलीच नव्हती. तात्यांनी चार घास खाल्ले.

"बरं झालंय," ते म्हणाले.

पिराजीला हसू आले. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, ठसका लागला, आणि तात्यांनी भांडे त्याच्यापुढे सरकवले.

सकाळी तयार केलेले वाक्य तात्यांना तेव्हा आठवले. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलेही. पण पिराजीने दोन्ही ताटे उचलली आणि तो नळाकडे गेला. घासलेली ताटे भिंतीशी उपडी घालून निघताना म्हणाला, "येतो तात्या. बुधवारी." तात्या सवयीने बरे म्हणाले.

गुरुवारी दुपारी अक्का टांग्यातून उतरली. टांगेवाल्याला थांबायला सांगून आत आली. तात्या सोप्यात खुर्चीत बसले होते, हातात पुस्तक नव्हते.

"हे काय, वळकटीसुद्धा बांधली नाहीस? गाडी चुकेल."

अक्काला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटले नव्हते, आणि ते कसे म्हणतात हे त्यांना नीटसे माहीत नव्हते.

"अक्का, मिठाची बरणी कुठं ठेवलीस?"

"मिठाची? माळ्यावर, हंड्यात. फडकं बांधलंय वर. का रे?"

"काढायची आहे."

"आता? निघताना?"

"बुधवारी लागेल."

अक्काची नजर भिंतीशी उपड्या घातलेल्या ताटांकडे गेली. दोन होती.

"तो पोरगा आला होता वाटतं," ती म्हणाली. तात्यांनी मान हलवली. "आणि इथं एकटा राहून खाणार काय रे तू? तुला साधा भात तरी येतो का?"

"नाही. त्याला येतो."

आता ती रागावेल, असे तात्यांना वाटले, आणि रागावली असती तर ते उठून वळकटी बांधायलाही लागले असते. पण अक्का आत गेली. माळ्याखाली स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग हंडा सरकल्याचा. ती बरणी घेऊन बाहेर आली, पदराने पुसली आणि तात्यांच्या हातात दिली. बरणी वाटली होती त्यापेक्षा जड होती.

"कुठं असायची ही, ठाऊक आहे का तुला?"

"चुलीवरच्या फळीवर. डावीकडे."

"मग ठेव तिथं." टांगेवाल्याने बाहेरून हाक मारली तशी ती दाराकडे वळली, आणि वळता वळता म्हणाली, "दोघांच्या भाताला चिमूटभर पुरतं. मूठ घालशील."

"चिमूटभर," तात्या म्हणाले, आणि बरणी दोन्ही हातांत धरून ते उंबऱ्याच्या आत गेले.