दुसरी वेलांटी

शाळेत चौदा मंडळं होती आणि खोल्या नऊ. शिक्षणतज्ज्ञ याला सहजीवन म्हणतात. शाळेत याला खोलीवाटप म्हणत आणि त्या दिवशी मुख्याध्यापिका हमखास रजेवर असत.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली पक्षीनिरीक्षण मंडळाकडे होती. तिच्यात दोन बाकं, तडा गेलेला फळा आणि एक खिडकी. खिडकीसमोर पाण्याची जुनी टाकी आणि टाकीच्या लोखंडी शिडीच्या बेचक्यात घारीचं घरटं. खाली पटांगणातून मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी टाकीचं पोट तेवढं दिसायचं. घरटं दिसायचं ते या एकाच खिडकीतून. मंडळानं तीन वर्षं त्याची नोंद ठेवली होती: अंडी कधी घातली, पिल्लं कधी बाहेर आली, पहिलं पिल्लू कधी उडालं. प्राणिसंग्रहालयातल्या तज्ज्ञांनी पत्र पाठवलं होतं की सलग चार वर्षांची वही झाली तर ती आपण अभ्यासासाठी ठेवून घेऊ. तीन वर्षं म्हणजे छंद, चार वर्षं म्हणजे अभ्यास, असा त्यांचा हिशेब. हे चौथं वर्ष होतं आणि पिल्लू उडायला फार तर दोन आठवडे.

वही जिच्या ताब्यात, ती नववीतली मुलगी. मंडळाची दुर्बीण डबा खातानाही तिच्या गळ्यात असायची, म्हणून शाळा तिलाच दुर्बीण म्हणायची. वादविवाद मंडळाची अध्यक्ष दहावीत होती. तिला सगळे मुद्दा म्हणत, कारण "मुद्दा असा आहे" म्हटल्याशिवाय ती पाणीसुद्धा मागत नसे. या दोघी सख्ख्या बहिणी. एकाच पलंगावर झोपत. मध्ये उशांची सरहद्द असे आणि सरहद्दीवर अधूनमधून चकमकी झडत.

वादविवाद मंडळ व्यायामशाळेत भरायचं, टेबल टेनिसच्या शेजारी. वक्त्याचा मुद्दा रंगात आला की चेंडू त्याच्या कपाळावर यायचा. आंतरशालेय स्पर्धा महिन्यावर आली होती आणि मंडळाचे मार्गदर्शक, भाषेचे सर, शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळता ढवळता रोज म्हणत, "कावळे-चिमण्या बघायला खोली लागते. विचार करायला मात्र व्यायामशाळा." जीवशास्त्राच्या बाई पक्षीनिरीक्षणवाल्या. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कमावलेली ही एकमेव कला.

दरवर्षी मंडळांनी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा असतो. दुर्बिणीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. ताईचं मोत्यासारखं.

"ताई, एवढा अर्ज लिहून दे ना."

"माझ्या गणवेशाची इस्त्री करशील? आठवडाभर?"

"चार दिवस."

"मुद्दा असा आहे की अर्ज उद्या द्यायचाय. तुला. आठवडाभर."

ताईनं टीव्ही बघत बघत अर्ज लिहिला. दुर्बिणीनं न वाचता सही केली. जीवशास्त्राच्या बाईंनी दुर्बिणीची सही बघून न वाचता सही केली. हेडक्लार्कनं दोन सह्या बघून न वाचता शिक्का मारला. शाळा परस्परविश्वासावर चालते ती अशी.

सोमवारी मंजूर मंडळांची यादी फलकावर लागली. ताईनं आपल्या मंडळाचं नाव बघितलं आणि खाली नवव्या क्रमांकावर तिची नजर अडकली. 'पक्षनिरीक्षण मंडळ.' क्षच्या पुढची दुसरी वेलांटी बेपत्ता होती. ती कुठे गेली हे सगळ्या शाळेत एकट्या ताईला माहीत होतं: बुधवारी संध्याकाळी, मालिकेतल्या सासूनं सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा. कार्यालय फलकापासून दहा पावलांवर. आत जाऊन पेन मागायचं, एक वेलांटी द्यायची, काम खलास. ताई दहा पावलं चालली, कार्यालयावरून पुढे गेली आणि जिना चढून भाषेच्या सरांकडे पोचली.

मंडळांच्या नियमावलीचं सातवं कलम सांगतं, 'कोणत्याही पक्षाशी संबंधित उपक्रम शाळेच्या आवारात चालणार नाही.' दुपारी वादविवाद मंडळाची लेखी हरकत दाखल झाली. खाली ताईची सही होती आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

घरी दुर्बिणीनं दप्तर आपटलं.

"तू मुद्दाम केलंस!"

"वेलांटी चुकून राहिली. देवाशपथ."

"आणि हरकत? तीही चुकून झाली का?"

"खोली आम्हाला हवीये. तुझी घार काय, कुठेही उडते."

"तुझी जीभ तर कुठेही चालते! मग व्यायामशाळेत का नाही चालत?"

आई खिडकीशी मशीनवर पडदे शिवत होती. हॉटेलची मोठी ऑर्डर होती, तिला मान वर करायला सवड नव्हती. "दोन वकील जन्माला घातले मी," ती टीप मारत म्हणाली, "आणि अशील एक नाही. जेवायच्या आधी मिटवा." जेवण झालं, पण मिटलं काहीच नाही.

बुधवारी सुनावणी झाली. मुख्याध्यापिका त्या दिवशी रजेवर नव्हत्या, ही त्यांची चूक.

"सर, ही उघड उघड लिहिण्यातली चूक आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, मी एका वेलांटीपायी पोरांचा अर्धा गुण कापतो," भाषेचे सर म्हणाले. "इथे सोडून दिली तर उद्या पालक माझा कान कापतील."

"नोंदीत जे आहे ते आहे," हेडक्लार्क म्हणाले. शिक्का त्यांचा होता. शिक्का चुकतो हे एकदा मान्य केलं की माणसाच्या हाती उरतं काय?

जीवशास्त्राच्या बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कला चुकीच्या वेळी कामी आली.

दुर्बीण उभी राहिली. दोन्ही हात तिनं गळ्यातल्या दुर्बिणीवर ठेवले. "बाई, मग वादविवाद मंडळाचाही अर्ज वाचा. दुसरं कलम."

हेडक्लार्कनं चष्मा लावला आणि वाचलं, "सभासद अनुकूल पक्ष व प्रतिकूल पक्ष अशा दोन पक्षांत विभागून काम करतील."

"आम्ही पक्षांचं नुसतं निरीक्षण करतो, बाई. हे पक्ष चालवतात. तेही दोन-दोन."

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. भाषेचे सर पांढरे पडले आणि मग, सवयीनं, त्यांच्या मनात आलं की ही मुलगी आपल्या संघात हवी होती. ताईनं बहिणीकडे असं बघितलं की उशांच्या जागी त्या रात्री भिंत बांधावी लागली असती.

"लेखी देतेस?" मुख्याध्यापिकांनी थकून विचारलं. दुर्बिणीनं लेखी दिलं, स्वतःच्या अक्षरात. ते लावायला हेडक्लार्कना अर्धा तास लागला.

निर्णय असा झाला: दोन्ही मंडळं स्थगित. ज्यानं हरकत घेतली त्याचं ना-हरकत पत्र आणलं तर मंडळ पुन्हा चालू. दोन्ही पत्रं शुक्रवारी चारपर्यंत आली तर सगळं पूर्वीसारखं. एकच आलं तर ज्याला मिळालं त्या मंडळाला खोलीही मिळेल. एकही आलं नाही तर वर्षभर दोन्ही बंद आणि खोलीत मोडकी बाकं. मुख्याध्यापिकांना वाटलं, बहिणीच आहेत, संध्याकाळपर्यंत होईल. त्यांना बहीण नव्हती.

दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर आले.

"तू आधी कर सही," दुर्बीण म्हणाली. "सुरुवात तू केलीस."

"मी केली आणि तू नाही केलीस तर? खोली तुझी, मी घरी. स्पर्धा गेली उडत."

"मग दोघी एकदम करू."

"कर."

दोघींनी पेनं टेकवली. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत राहिल्या. कोणाचंच पेन हललं नाही.

"तुझा विश्वास नाही माझ्यावर?" ताईनं विचारलं.

"तुझं अक्षर वाचलंय मी."

गुरुवारी आईनं दोघींना समोर बसवलं, हातात कापडाची कात्री तशीच होती. "एका पोटच्या आहात. करा सह्या माझ्यादेखत."

"तिला सांग आधी," दोघी म्हणाल्या. शाळेत जे शिकवून जमत नाही ते एकमत दोघींमध्ये झालं होतं. आईनं कात्री खाली ठेवली, दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. पडदे शनिवारी द्यायचे होते. मुली काय, जन्मभर होत्याच.

शुक्रवारी पावणेचारला दोघी कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या होत्या. दोघींच्या हातात पेन, दोघींच्या हातात दुसरीचा कागद. हेडक्लार्क घड्याळाकडे बघत होते. चार वाजून एक मिनिटानं त्यांनी खिडकी लावून घेतली, तेव्हा ताई म्हणाली, "बघ, शेवटी तूच नाही केलीस." आणि रडायला लागली. दुर्बीण तिचा कागद जमिनीवर टाकून निघून गेली.

सोमवारी शिपायांनी बाकं वर नेली. एकावर एक, खिडकीच्या वरच्या गजापर्यंत.

पुढच्या आठवड्यात पटांगणात खेळाच्या तासाला कोणीतरी ओरडलं, "ए, घारीचं पोर!" सगळ्यांनी वर बघितलं. टाकीच्या काठावर एक लहान घार बसली होती. ती आज उडाली की कालच, की परवा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

जीवशास्त्राच्या बाईंनी दुर्बिणीला प्रयोगशाळेत बोलावलं. वही टेबलावर उघडी होती. तीन वर्षांच्या तीन तारखा, चौथा चौकोन रिकामा.

"अगं, अंदाजे तारीख लिही," बाई म्हणाल्या. "दोन-चार दिवस इकडे-तिकडे. कोण बघतंय?"

दुर्बिणीनं गळ्यातली दुर्बीण काढली, पट्टा नीट गुंडाळला आणि वहीशेजारी ठेवली.

"अंदाजे लिहायचं असेल तर ताईला द्या, बाई," ती म्हणाली. "तिचं अक्षर चांगलं आहे."